बुजवलेल्या खदानीचं पाणी

आमची ही म्हणते, "नळाखालच्या बादलीकडेसुद्धा तुम्ही चोराकडे बघावं तसं बघता." खोटं नाही ते. जळगावात मेहरूणला घरासाठी प्लॉट घ्यायचा होता तेव्हा मी भर पावसात छत्री घेऊन तिथं जाऊन उभा राहिलो होतो. पाणी कुठून येतं, कुठं साचतं, कुठून निघून जातं हे डोळ्यांनी बघितलं आणि मगच होकार दिला. दलाल बिचारा दुसऱ्याच्या ओसरीत उभा राहून माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं असणार, गिऱ्हाईक डोक्यानं जरा अधू आहे.

पण ज्यानं जन्मभर बंद पडलेल्या खाणी-खदानींतलं पाणी उपसलं, त्याला भोळेपणा परवडत नाही. या धंद्याचे धडे मी वणीकडच्या कोळशाच्या खाणीत गिरवले. कोळसा संपला की खाण बंद होते, पण पाणी बंद होत नाही. ते येतच राहतं. ते बाहेर काढायचं, खड्डा भरायचा, वर माती पसरायची आणि जमीन पुन्हा जमिनीसारखी करून द्यायची, हे आमचं काम. ऐकायला सोपं आहे. तिथले माझे उस्ताद, जुने पंपवाले, मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "पाणी दिसलं की आधी विचार, कुणाचं आहे." आभाळाचं पाणी पावसाळ्यात येतं आणि थांबतं. जमिनीचं पाणी बारा महिने सारखं झिरपतं. माणसानं सोडलेलं पाणी मात्र कधीही येतं, आणि ते आपण सोडलं असं कुणीही कबूल करत नाही.

आई आजारी पडली म्हणून वणी सोडून मी जळगावला परत आलो. आपल्या खान्देशात कोळसा नाही, पण काळा दगड म्हणाल तेवढा. त्या काळात, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला, रस्त्यांची आणि पाटांची कामं जोरात होती आणि खडीसाठी ठिकठिकाणी खदानी काढलेल्या होत्या. दगड काढून झाला की ठेकेदार कंपनीला तो खड्डा बुजवून जमीन मालकाला परत द्यायची असे. एका कंपनीला पाण्याची जाण असलेला माणूस हवा होता. मला घेतलं. हाताशी दोन डिझेल इंजिनं, पाइप आणि एक राजदूत मोटरसायकल दिली.

लोक आमच्याकडे कोणत्या नजरेनं बघत हे एका प्रसंगावरून कळेल. धुळ्याकडच्या एका खदानीत पाणी तळाला गेलं तसे मासे उड्या मारू लागले. बघता बघता आख्खं गाव टोपल्या, धोतरं, लुगडी घेऊन काठावर जमलं. मी म्हटलं, न्या बाबांनो, मला मासे चालत नाहीत. तर त्यातली एक बाई मोठ्यानं म्हणाली, "याना माईन मोठा मासा पयलेच गया व्हई." झालं. फुकट मासे देणारा माणूस चोरच असणार, अशी गावाची खात्री पटली. मी गेलो त्या दिवसापर्यंत लोक माझ्या डब्याकडे बघत होते.

आता मूळ गोष्ट. जळगावहून धुळ्याकडे जाताना एरंडोलच्या अलीकडे हायवे सोडून गिरणेच्या अंगाला वळलं की एक गाव लागतं. तिथली खदान बुजवायची होती. जमीन सुकलाल आबांची. शेजारचं वावर त्यांच्या सख्ख्या भावाचं, पंडित नानांचं. मध्ये एक विहीर, दोघांत सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. दोघांचं बोलणं बंद होतं, पण पाळी कधी चुकत नसे. आपल्याकडे भाऊबंदकीत माणसं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण इंजिन कुणी किती वेळ चालवलं हे आवाजावरून बरोबर ओळखतात.

आबा साठीच्या पुढचे, अंगानं वाळलेले, डोक्यावर मळकी टोपी. खदान काढताना कंपनीनं त्यांच्या वावराची काळी माती खरवडून एका बाजूला मोठा ढीग करून ठेवली होती. त्यावर बाभळी उगवल्या होत्या. मी पहिल्या दिवशी गेलो तेव्हा आबा त्या ढिगावर बसलेले होते. दुसऱ्या दिवशीही तिथंच. मी विचारलं, "आबा, उन्हात का बसता?"

"माटी मनी शे," ते म्हणाले. "डोयासमोर राहेल बरी."

मी ती माती विकून टाकीन अशी त्यांना शंका होती. मला ती शंका रास्तच वाटली, कारण दुसऱ्या गावांत अशी माती रातोरात गाड्या भरून गेलेली मी पाहिली होती. मी वाद घातला नाही.

पंडित नानांची तऱ्हा वेगळी. ते बांधावर उभे राहून मला ऐकू जाईल अशा आवाजात सालदाराशी बोलत. "खदान बुजी गयी का हीर कोरडी पडी. त्यासले काय, इंजिन उचलीसन चालना जातीन." यातही तथ्य होतं. खदानीत पाणी साचलेलं असलं की आजूबाजूच्या विहिरींना त्याचा पाझर मिळतो. खड्डा बुजला की तो पाझर तुटतो. नानांची केळी त्या विहिरीवर उभी होती. म्हणजे खदान भरू नये असं वाटणारा एक माणूस मला पहिल्याच दिवशी सापडला. मी त्याचं नाव मनात लिहून ठेवलं.

भरावाची रीत अशी असते. खड्ड्याचा सगळ्यात खोल कोपरा पाणी गोळा व्हायला मोकळा ठेवायचा. इंजिन तिथं लावायचं. भराव समोरच्या बाजूनं सुरू करायचा, म्हणजे पाणी आपोआप खोल कोपऱ्याकडे ढकललं जातं. तळाला मोठे दगड, त्यावर डबर, मग खडीची चुरी, मग मुरूम आणि सगळ्यात वर काळी माती. कडेनं दगड भरलेला चर नाल्याकडे उतरता काढायचा, कारण केळीच्या मुळाशी पाणी थांबलं की केळी गेलीच म्हणून समजा. खोल कोपरा शेवटी भरायचा.

अर्धी खदान भरून झाली. वैशाख होता. गावातल्या विहिरींनी तळ गाठला होता, आणि माझ्या खदानीत मात्र पाणी वाढायला लागलं.

सकाळी इंजिन लावायचो, दुपारपर्यंत पाणी उतरायचं. ऊन डोक्यावर आलं की इंजिन गार करायला बंद करून आम्ही लिंबाखाली भाकरी खायला जायचो. परत आलो की पाणी हातभर वर. मी कातळावर चुन्यानं खुणा करून पाहिलं. खुणा पाण्याखाली. गावात बोलणं सुरू झालं की इंजिनवाला मुद्दाम पाणी ठेवतो, काम लांबलं तर त्याचा पगार लांबतो. हे माझ्या कानावर आलं ते कंपनीच्या साहेबांच्या तोंडून. ते जीपमधून उतरून पाण्याकडे बघत म्हणाले, "हे पाणी काही मला कळत नाही बुवा." त्यांना म्हणायचं होतं, तुम्ही मला कळत नाही.

झरा माणसांची जेवायची वेळ बघून फुटत नाही. म्हणजे हे माणसाचं पाणी. आणि माणूस कोण, हे तर मला ठाऊकच होतं. मी नानांच्या वावरातून दांडाच्या कडेकडेनं हिंडलो. दांड म्हणजे विहिरीपासून पिकापर्यंत पाणी नेणारी मातीची चारी. नानांचा दांड खदानीच्या बाजूला कोरडा ठणठणीत होता. चिलटालाही ओलावा मिळाला नसता. नाना केळीत उभे राहून माझ्याकडे बघत होते. "काय हरपनं का भाऊ?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही, आणि खाली मान घालून परत आलो. तरी मनात म्हणत होतोच, कुठूनतरी आणत असणार.

मग एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली. विहिरीचं पाणी स्वच्छ असतं, झऱ्याचंही असतं. खदानीत नव्यानं आलेलं पाणी पिवळं होतं. मुरुमाचा रंग. म्हणजे ते काठावरून आलं नव्हतं, माझ्याच भरावातून आलं होतं. मी भरावावर चढलो. वरून माती कोरडी. पण एका जागी ती जरा जास्तच कोरडी, कुणी तरी आणून पसरल्यासारखी. हातानं बाजूला केली तर खाली चिखल.

त्या दिवशी मी सगळ्यांबरोबर भाकरीला निघालो आणि लिंबापर्यंत जाऊन मागं वळलो. बाभळीच्या आडून पाहिलं. ढिगावर आबा नव्हते. विहिरीवरचं इंजिन सुरू झालं होतं आणि आबा फावडा घेऊन आपल्या दांडाचं पाणी वळवून भरावावर आणत होते. भरावात ते पाणी जसं पोहोचे तसं नाहीसं होई. पाणी सोडून झालं की ते टोपलीनं वर कोरडी माती टाकायचे. पाळी त्यांची होती, पाणी त्यांच्या हक्काचं होतं. त्यांच्या उरलेल्या तुकड्यातली केळी मला तिथून दिसत होती. पानं पिवळी पडून खाली लोंबत होती. स्वतःची उभी बाग वाळवून हा माणूस दगडांना पाणी पाजत होता.

मी समोर गेलो. आबा दचकले नाहीत. फावड्यावर हात ठेवून म्हणाले, "दखी लिधं ना? आते बसा."

मला राग आला होता, आणि तो मी लपवला नाही. "आबा, तुमचीच जमीन भरतोय आम्ही. तुम्हीच पाणी सोडता? लोक मला चोर म्हणतायत."

"घर बांधतांना जोतामा पानी सोडतस का नही?" ते म्हणाले. "पानी टाकं का माटी बसस. तुमी कोरडीच टाकी राहिनात. वर दिसस चांगलं, खाले पोकय."

"मग सांगायचं ना."

"कोनले सांगू? तुमलेच?" आबा हसले. "तुमी म्हनतात, म्हाताराले काय समजस, नि चार दिनमा काम उरकी टाकतात."

मग त्यांनी मूळ सांगितलं. खालच्या गावात एकानं बुजवलेली जुनी विहीर विसरून तिच्यावर नांगर घातला होता. जमीन खचली. बैल आत गेला तो गेलाच, आणि नांगर धरणाऱ्याचा पाय कायमचा गेला. आबा ते बघायला गेले होते. त्यांचा एकुलता मुलगा अशोक खदान निघाली तेव्हापासून सुरतेजवळ उधन्याला लूमवर होता. जमीन तुकडाभरच उरली होती, घरी राहून करणार काय. आता जमीन परत मिळणार म्हणून आबा त्याला बोलावणार होते.

"नांगर त्यानी धरना शे," आबा म्हणाले. "वावर खचनं तं तुमी कोठे राहशात, नि कंपनी कोठे? मनं पोरगं आठे राही."

त्यांना कंपनीवर विश्वास नव्हता, साहेबांवर नव्हता, माझ्यावर तर नव्हताच. म्हणून जमीन बसते की नाही हे ते स्वतः बघत होते, आणि चोरून बघत होते, कारण जमीन बसत नाही असं उघड झालं तर कंपनी काम अर्धवट टाकून पळेल अशीही त्यांना धास्ती होती. मी गुपचूप पहार मागवली. जिथं पाणी नाहीसं होत होतं तिथं दोघांनी मिळून उकरलं. हातभर खाली पहार एकदम आत गेली आणि माझ्या हातातून सुटता सुटता राहिली. मोठाले दगड एकमेकांवर आडवे अडकून राहिले होते आणि मध्ये घर करावं एवढी पोकळी. मी पाण्याकडे डोळे लावून बसलो होतो तोवर टिप्परवाल्यांनी घाईघाईनं धोंडे नुसते ओतले होते, आणि त्यावर मुरूम टाकून सगळं साफसूफ करून ठेवलं होतं.   आबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

त्यानंतर मी जे केलं त्यासाठी मला आजही कुणी शहाणा म्हणणार नाही. खोल कोपऱ्यातलं उपसलेलं पाणी नाल्यात न सोडता मी पाइप वळवून भरावावर सोडायला लागलो. पाणी भरावातून झिरपून पुन्हा कोपऱ्यात यायचं, इंजिन ते पुन्हा वर फेकायचं. दगडांच्या फटींत चुरी आणि मुरूम घुसत गेला. भराव जागोजागी बसू लागला, आम्ही वरून पुन्हा भरत गेलो. आबांना मी हात जोडून सांगितलं की आता तुमची पाळी तुमच्या केळीला द्या. त्यांनी अर्धी दिली. अर्धी भरावावर चालूच ठेवली. माझं पाणी पुरेल का याचीही त्यांना शंका होती.

साहेब आले आणि त्यांनी पाइप बघितला. "पाणी तुम्ही गोल फिरवताय," ते म्हणाले. मी सगळं समजावून सांगितलं, पोकळी दाखवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "तुमचं आणि त्या म्हाताऱ्याचं काही आहे का?" डिझेल किती जातं याकडे त्यानंतर एक माणूस लक्ष ठेवायला बसवला. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही हाच प्रश्न पडला असता. गावात म्हणत होते की इंजिनवाला पाणी काढून परत तिथंच ओततो, आणि आता तर ते खरंही होतं.

मृग लागायच्या आत काम आटपायचं होतं. बाकी सगळा भराव पाणी पिऊन नीट बसला. खोल कोपरा मात्र शेवटी भरला, आणि आभाळ भरून आल्यामुळं त्याला द्यावं तेवढं पाणी देता आलं नाही. जेमतेम दिलं, वर मुरूम दाबला, काळी माती पसरली. माती पसरताना आबा ढिगावरून खाली उतरले ते थेट टिप्परच्या मागं चालायला लागले. एकेक खेप कुठं पडते ते बघत होते. चर नाल्यापर्यंत नेला. इंजिनं उचलली आणि नाना म्हणाले होते तसाच मी निघून गेलो. नानांबद्दल मात्र मन अजून खातं. नंतरच्या उन्हाळ्यांत त्या विहिरीचं पाणी आटत गेलं असं मी ऐकलं. त्यांची शंका खरी होती, आणि तिच्यावर माझ्याकडे उपाय नव्हता. चोर समजून मी त्यांच्या दांडाकडेनं हिंडलो होतो, हे आठवलं की लाज वाटते.

पावसाळा सरला. मी धुळ्याकडच्या कामावर होतो तेव्हा आबांचा निरोप आला. कांदेबाग लावायचा आहे, म्हणजे पावसाळ्यानंतरची केळीची लागवड, तर नांगरटीला या. मला वाटलं, म्हाताऱ्याला माझी आठवण आली. आनंद झाला. राजदूत काढली आणि गेलो.

वावर बघून बरं वाटलं. सारखी काळी जमीन, कुठं डबकं नाही, चर वाहून कोरडा झालेला. अशोक बांधावर बैलजोडी धरून उभा होता. चांगला उंच पोरगा, लूमच्या आवाजानं जरा मोठ्यानं बोलायची सवय लागलेला. नांगर जुंपलेला होता. पण बैल बांधाच्या आत आलेले नव्हते.

"आबा, वाट कुणाची बघताय?" मी विचारलं.

"तुमनी," आबा म्हणाले. "तुमी भरेल शे. आधी तुमी चाला."

मग कळलं, मला कशासाठी बोलावलं होतं. अशोक ओशाळून म्हणाला, "आबा, पाहुनासले अशी सांगतस का?" आबांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मी वहाणा काढल्या आणि निघालो. जमीन ओलसर, पायाला गार लागत होती. सरळ गेलो, मग उजवीकडे वळलो, दूरच्या बांधापर्यंत जाऊन परत आलो. कुठं काही हललं नाही. मी बांधावर चढून म्हटलं, "झालं समाधान?"

आबा डोळे बारीक करून माझी पावलं बघत होते. काळ्या मातीत ती स्पष्ट उठली होती.

"भाऊ," ते शांतपणे म्हणाले, "ती कोपरानी जागा काबर सोडी दिधी?"

मी मागं वळून पाहिलं. माझ्या पावलांची ओळ खोल कोपऱ्यापर्यंत सरळ गेली होती आणि तिथं वळसा घालून पलीकडे निघाली होती. शप्पथ सांगतो, मी ते ठरवून केलं नव्हतं. माझ्या पायांनी आपणहून केलं होतं.

 अशोकनं बैलांची दोरी जरा आखडून धरली. त्याचा तो हात मी बघितला. मी पुन्हा बांध उतरलो. खोल कोपऱ्याच्या कडेला आलो. पाऊल टाकलं. माती मऊ लागली. दुसरं टाकलं. मध्यावर जाऊन उभा राहिलो, आणि केस पिकायला लागलेला मी माणूस तिथं दोन्ही पायांनी उड्या मारायला लागलो. जमीन घट्ट होती. पुन्हा मारली. घट्ट.

मागून धापा टाकल्याचा आवाज आला. आबा वहाणा हातात घेऊन माझ्याच पावलांवर पाऊल टाकत येत होते. ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले, काठी जमिनीवर आपटली, कान देऊन ऐकलं, पुन्हा आपटली. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन वळले आणि बांधाकडे बघून म्हणाले, "आन रे बैल."